हंसतमुख संत फिलिप नेरी

ज्युबिली म्हटली म्हणजे आनंद आलाच. चर्चला नवा रंग चढतो, वाडीवाडींतून पताका लागतात, बँड वाजतो, घरोघर पाहुणे उतरतात, आणि दूरदेशीं नोकरीस गेलेलीं मुलें चार दिवसांपुरतीं कां होईना गांवीं परत येतात. हा आनंद चांगला आहे, देवानेंच दिलेला आहे, आणि त्यास आम्ही मुळींच कमी लेखीत नाहीं. परंतु मांडव उतरला, पताका गळून पडल्या, पाहुणे आपापल्या घरीं गेले, म्हणजे मागें काय उरतें? रोजची चूल, रोजचें शेत, पहाटेची गाडी, म्हातारपणाचें दुखणें आणि भावाभावांतील अबोला. ह्या सर्वांत आनंदास कांहीं जागा आहे कीं नाहीं? ख्रिस्ताचा आनंद सणाच्या पोशाखाप्रमाणें वर्षांतून दोनदां पेटींतून काढावयाचा, कीं रोज अंगावर वागवावयाचा? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं आपल्या सुमारें ऐंशी वर्षांच्या आयुष्यानें दिलें, त्या रोमच्या संत फिलिप नेरी ह्यांचें चरित्र ह्या शुभप्रसंगीं वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटलें.

फिलिप ह्यांचा जन्म इटली देशांतील फ्लॉरेन्स शहरीं १५१५ सालच्या जुलै महिन्यांत झाला. वडील फ्रांचेस्को नेरी हे नोटरीचें काम करीत. घराणें चांगलें, परंतु पैसा बेताचाच होता. आई लुक्रेझिया ही मुलें लहान असतांच वारली. पुढें घरांत सावत्र आई आली. पण फिलिपचा स्वभाव असा लाघवी कीं, त्या माउलीचा त्याजवर पोटच्या पोराप्रमाणें जीव जडला. ओळखीपाळखीचे लोक त्यास लाडानें भला पिप्पो म्हणत. तो आठ-नऊ वर्षांचा असतांना अंगणांत फळांनीं लादलेलें एक गाढव उभें होतें. पोरानें त्याच्या पाठीवर उडी मारली. गाढव बिथरलें, आणि गाढव, फळें व पोर हीं तिन्ही तळघरांत गडगडत गेलीं. मोठीं माणसें धांवत आलीं, तों पोर गाढवाखालीं सांपडलेला. पण त्यास कांहींच इजा झाली नव्हती. संत लहानपणापासून डोळे मिटून बसत असावेत, अशी आपली समजूत असते. ती दूर करण्यास ही एक गोष्ट पुरे. तथापि हाच खेळकर मुलगा डॉमिनिकन संघाच्या सान मार्को मठांत मन लावून धर्माचे धडे घेई, आणि तेथील धर्मगुरूंचे उपकार त्यानें जन्मभर आठविले.

सतरा-अठरा वर्षांचें वय झाल्यावर वडिलांनीं त्यास मोंते कासिनो ह्या प्रसिद्ध मठाच्या पायथ्याशीं असलेल्या सान जेर्मानो गांवीं एका नातलग व्यापाऱ्याकडे धाडलें. व्यापाऱ्यास मूलबाळ नव्हतें. घर, दुकान, पैसा सर्व कांहीं फिलिपच्या नांवें करावें, असा त्याचा विचार होता. दुसरा कोणी असता तर त्यानें देवाचे आभार मानून गादी सांभाळली असती. पण जवळच गाएता बंदरापाशीं समुद्रावर झुकलेल्या एका दुभंगलेल्या कड्यांत लहानसें प्रार्थनास्थान होतें. तेथें फिलिप वारंवार जाऊन प्रार्थना करी, आणि तेथेंच त्याच्या मनाचा निश्चय झाला. आयती चालून आलेली संपत्ति त्यानें सोडली, आणि १५३३ सालीं रिकाम्या हातानें रोमची वाट धरली.

त्या वेळचें रोम म्हणजे एक जखमी शहर होतें. १५२७ सालीं सम्राटाच्या फौजांनीं तें लुटलें होतें. घरें जाळलीं होतीं, चर्चें भ्रष्ट केलीं होतीं. कित्येक धर्माधिकारी चैनींत दंग होते. सामान्य लोकांची श्रद्धा थंडावली होती. आणि तिकडे उत्तर युरोपांत ख्रिस्तसभेचे तुकडे पडत होते. अशा शहरीं कोणी सुधारणा करूं म्हणेल, तर तो काय करील? रागावेल, दोष दाखवील, भय घालील. फिलिपनीं ह्यांतलें कांहींच केलें नाहीं. फ्लॉरेन्सचेच गालेओत्तो काच्चा नांवाचे एक जकात-अधिकारी रोमांत राहत असत. त्यांच्या दोन मुलांस फिलिपनीं शिकवावें, आणि त्याबद्दल एक लहानशी खोली व वर्षाचा ठराविक गहूं घ्यावा, असें ठरलें. भाकरी, पाणी आणि थोडीं ऑलिव्ह फळें, एवढ्यावर त्यांचा गुजारा चाले. कांहीं काळ त्यांनीं तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र ह्यांचा अभ्यास केला. मग पुस्तकें विकून टाकलीं, पैसे गरिबांस दिले, आणि ते रस्त्यावर उतरले.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. रोमांत आल्यापासून अठरा वर्षें फिलिप हे धर्मगुरु नव्हते. ते तुम्हांसारखेच साधे श्रद्धावंत होते. त्यांच्यापाशीं व्यासपीठ नव्हतें, अधिकार नव्हता. होता तो प्रसन्न चेहरा आणि गोड वाणी. पेढ्यांवर व दुकानांत काम करणारे तरुण जेथें जमत तेथें ते जात, थट्टामस्करी करीत, आणि बोलतां बोलतां हंसत विचारीत कीं, बाबांनो, चांगल्या कामास आपण लागावयाचें तरी केव्हां? ह्या एका प्रश्नानें कित्येकांचें आयुष्य पालटलें. दिवसा ते इस्पितळांत रोग्यांची अंथरुणें झाडीत, त्यांस भरवीत. आणि रात्रीं शहराबाहेर संत सेबास्टियन ह्यांच्या भूमिगत दफनस्थानांत, प्राचीन रक्तसाक्ष्यांच्या सान्निध्यांत, एकटेच प्रार्थनेंत घालवीत.

तेथेंच १५४४ सालच्या पेंतेकोस्त सणाच्या सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. पवित्र आत्म्याची याचना करीत असतां अग्नीचा एक गोळा आपल्या मुखांतून हृदयांत उतरला, असें त्यांस दिसलें, आणि प्रीतीचा दाह असह्य होऊन ते जमिनीवर पडले. तेव्हांपासून त्यांची छाती डाव्या बाजूस फुगलेली राहिली, आणि प्रार्थनेच्या वेळीं हृदयाची धडधड इतकी होई कीं, जवळच्यांस ती जाणवे. मृत्यूनंतर त्यांच्या देहाची तपासणी केली असतां हृदयावरील दोन बरगड्या तुटून बाहेरच्या बाजूस वळलेल्या आढळल्या. फिलिप ह्यांच्या आनंदाचें मूळ येथें आहे. तो नुसता आनंदी स्वभाव नव्हता. हंसरा स्वभाव पुष्कळांचा असतो, आणि पहिलें मोठें दुःख आलें कीं तो मावळतो. फिलिप ह्यांचा आनंद प्रार्थनेंतून निघाला होता. म्हणूनच तो संकटांत आटला नाहीं.

१५४८ सालीं त्यांनीं आपले आध्यात्मिक मार्गदर्शक फादर पेर्सियानो रोझा ह्यांच्या साहाय्यानें पवित्र त्रैक्याचा बंधुसंघ स्थापिला. पुढें १५५० हें ज्युबिलीचें वर्ष आलें. देशोदेशींचे गरीब यात्रेकरू थकून, पाय फुटून रोमला येत. त्यांस ना ओळख ना आसरा. फिलिप व त्यांचे सोबती त्यांचे पाय धूत, जेवूं घालीत, निजावयास जागा देत. रोमची ती ज्युबिली सोहळ्यांच्या थाटानें झालीच असेल. परंतु त्या थकलेल्या वाटसरूंस ती कळली ती कढत पाण्याच्या घंगाळानें आणि गरम भाकरीनें. इस्पितळांतून बाहेर पडलेल्या, पण अद्याप अशक्त असलेल्या रोग्यांचीहि हा बंधुसंघ काळजी घेऊं लागला.

आपण धर्मगुरु होण्यास अपात्र आहों, असें फिलिप ह्यांचें मत होतें. परंतु फादर रोझा ह्यांच्या आज्ञेपुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं, आणि २३ मे १५५१ रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. सान जिरोलामो चर्चजवळच्या खोलींत ते राहूं लागले. पहाटेपासून पापनिवेदनासाठीं लोकांची रीघ लागे. पापाच्या ओझ्यानें वांकून आलेला माणूस त्यांच्यापासून परत जातांना ताठ चाले. दुपारीं तरुण मंडळी त्यांच्या खोलींत जमे. कोणी धर्मग्रंथ वाची, कोणी त्यावर साध्या भाषेंत बोले, मग भजनें होत. जोव्हान्नी आनिमुच्चा ह्यांसारख्या थोर संगीतकारानें त्या मेळाव्यांसाठीं लोकभाषेंत गीतें रचलीं. खोली अपुरी पडूं लागली, तेव्हां चर्चच्या माळ्यावर प्रार्थनागृह केलें. त्यास ओरातोरियो असें म्हणत, आणि त्या नांवाचा संगीतप्रकार पुढें सर्व युरोपांत प्रसिद्ध झाला. कार्निव्हलच्या दिवसांत शहर धिंगाण्यांत बुडे, त्या वेळीं फिलिप लोकांस घेऊन रोमच्या सात प्रमुख चर्चांची पायीं यात्रा करीत. वाटेंत एका बागेंत सर्वजण हिरवळीवर बसत, पाव, अंडें, चीज, थोडा द्राक्षारस असें साधें जेवण होई, गाणीं होत. प्रथम मूठभर माणसें होतीं. पुढें हजारों येऊं लागलीं. वाईट करमणूक सोडा, एवढेंच सांगून फिलिप थांबले नाहींत. त्यांनीं चांगली करमणूक निर्माण केली.

१५५७ च्या सुमारास त्या मेळाव्यांत हिंदुस्थानांतून आलेलीं येशूसंघीय धर्मगुरूंचीं पत्रें वाचलीं जात. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे अचाट श्रम ऐकून फिलिपचें मन पेटलें. आपणहि हिंदुस्थानांत जावें, तेथें प्रभूसाठीं प्राण वेंचावा, असें त्यांस व त्यांच्या वीसएक सोबत्यांस वाटूं लागलें. निर्णयासाठीं ते त्रे फोंताने मठांतील एका वृद्ध सिस्टर्शियन संन्याशाकडे गेले. त्यानें प्रार्थना करून असें सांगितलें कीं, तुमचें हिंदुस्थान रोमच आहे. फिलिप परत फिरले, आणि पुढील अडतीस वर्षांत रोम सोडून कोठें गेले नाहींत. मोठ्या पराक्रमाची इच्छा टाकून त्याच गल्ल्या, तीच पापनिवेदनाची खुर्ची आणि तींच रडगाणीं हंसतमुखानें पत्करणें हें सोपें नव्हे.

लोक त्यांस संत म्हणूं लागले, ह्याची मात्र त्यांस धास्ती वाटे. मग ते मुद्दाम हसें करून घेत. कधीं अर्धीच दाढी काढून बाहेर पडत, कधीं अंगरखा उलटा घालीत, कधीं बड्या पाहुण्यांसमोर विनोदाचें पुस्तक वाचावयास लावीत. शिष्यांसहि त्यांनीं हाच धडा दिला. चेझारे बारोनियो हा विद्वान् तरुण मृत्यु व नरक ह्यांवरच भयंकर प्रवचनें करी. फिलिपनीं त्यास ख्रिस्तसभेच्या इतिहासावर बोलण्याची आज्ञा केली, आणि ती एकदां नव्हे, पुन्हां पुन्हां. त्याच श्रमांतून पुढें बारा खंडांचा प्रचंड इतिहासग्रंथ जन्मास आला. परंतु विद्येचा ताठा येऊं नये म्हणून ह्याच बारोनियोस भलीमोठी बाटली व सोन्याचें नाणें देऊन फक्त अर्धा पेला द्राक्षारस आणण्यास पिठ्यांत धाडीत. आणि स्वयंपाकाची पाळी त्याजवर इतकी येई कीं, आपण येथील कायमचे आचारी आहों, असें त्यानें गंमतीनें चुलीच्या धुराड्यावर लिहून ठेविलें. हा आचारी १५९६ सालीं कार्डिनल झाला. खुद्द फिलिप ह्यांस दोन पोपांनीं कार्डिनलपद देऊं केलें. तें त्यांनीं थट्टेवारी नेलें.

मुलांचा गोंगाट तर त्यांस संगीतच वाटे. कोणी तक्रार केली, तर ते म्हणत कीं, पाप करणार नसतील तर मुलांनीं माझ्या पाठीवर लांकडें फोडलीं तरी चालेल. ही गोष्ट लिहितांना आमची मान खालीं जाते. तरुणपणीं आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, धर्मशिक्षणाच्या वर्गांत एक लहान मुलगा हंसला, म्हणून आम्हीं त्यास सर्वांदेखत बाहेर उभें केलें. सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडलेले. गंभीर चेहरा म्हणजेच पवित्रपणा, अशी आमची समजूत. पुढें कित्येक रविवार तो मुलगा आजीबरोबर चर्चच्या पायरीपर्यंत येई, आणि तेथूनच परत फिरे. आजीनें हें आम्हांस सांगितलें तेव्हां आम्ही त्याच्या घरीं गेलों, ओट्यावर बसलों, आणि त्या पोराची क्षमा मागितली. तो पुन्हां येऊं लागला. तो ती गोष्ट विसरला असेल; आम्ही विसरलों नाहीं. देवाच्या दारापासून एक मूल आमच्या आंबट तोंडानें परतलें होतें. खिन्न ख्रिस्ती माणूस इतरांची वाट अडवितो, हें आम्हांस पुस्तकांतून कळलें नाहीं. त्या पायरीवर कळलें.

फिलिप ह्यांस दुःख नव्हतें, असें मात्र कोणीं समजूं नये. १५५९ सालीं, हा मनुष्य भोंवतीं लोक जमवून नवा पंथ काढीत आहे, असा आळ त्यांजवर आला. रोमच्या धर्माधिकाऱ्यांनीं त्यांस बोलावून कडक शब्दांत खडसाविलें, आणि पंधरा दिवस पापनिवेदन ऐकण्याची मनाई केली. त्यांनीं आज्ञा पाळली, कोणाविरुद्ध एक शब्द काढला नाहीं, आणि सोबत्यांसहि काढूं दिला नाहीं. चौकशींत कांहीं दोष आढळला नाहीं, व बंदी उठली.

दुसरा प्रसंग १६ मार्च १५८३ चा आहे. मास्सिमो नांवाच्या खानदानी घराण्यांतील पावलो हा चौदा वर्षांचा मुलगा आजारी होता. निरोप आला तेव्हां फिलिप मिस्सा अर्पण करीत होते. ते पोहोंचले तेव्हां मुलानें प्राण सोडला होता. परंपरा अशी कीं, त्यांनीं प्रार्थना करून त्यास नांवानें हांक मारली, आणि मुलानें डोळे उघडले, पापनिवेदन केलें, व कांहीं वेळ संभाषण केलें. मग फिलिपनीं त्यास विचारलें कीं, देवाघरीं जाण्यास तूं राजी आहेस काय? मुलगा म्हणाला कीं, आहें. तेथें मला आई व बहीण भेटतील. तेव्हां फिलिपनीं त्यास आशीर्वाद देऊन शांतपणें जाऊं दिलें. ज्या घरांत मूल गेलें आहे त्या घरांत हंसूं नसतें. पण तेथेंहि एक आनंद राहूं शकतो, आणि तो रडूं नको असें सांगत नाहीं. फक्त, ही शेवटची भेट नव्हे, एवढें सांगतो.

१५७५ सालीं तेरावे ग्रेगरी पोप ह्यांनीं फिलिप ह्यांच्या धर्मगुरुमंडळास, म्हणजे ओरातोरियो संघास, मान्यता दिली, व सांता मारिया इन व्हाल्लिचेल्ला हें चर्च त्यांच्या स्वाधीन केलें. तें जुनें चर्च पाडून तेथें मोठें बांधण्यांत आलें. १५९५ सालच्या २५ मे रोजीं ख्रिस्तशरीराचा सण होता. ऐंशीच्या घरांत पोहोंचलेले फिलिप त्या दिवशीं प्रसन्न होते. त्यांनीं मिस्सा अर्पण केला, पापनिवेदनें ऐकलीं, येणाऱ्याजाणाऱ्यांस भेटले, आणि २६ मेच्या पहाटेपूर्वीं, सभोंवतीं जमलेल्या आपल्या माणसांस हात उंचावून आशीर्वाद देत, ते देवाघरीं गेले. शेवटचा दिवस वेगळा असा काढावयाचा त्यांस उरलाच नव्हता. इतर दिवसांसारखाच तोहि गेला.

१२ मार्च १६२२ रोजीं पंधरावे ग्रेगरी पोप ह्यांनीं पांच जणांस एकाच समयीं संतपद दिलें. त्यांत फिलिप होते, आणि ज्यांच्या पावलांवर पाऊल टाकून हिंदुस्थानांत येण्याची त्यांची इच्छा होती, ते फ्रान्सिस झेवियरहि होते. ज्यांची पृथ्वीवर भेट झाली नाहीं, त्यांचीं नांवें वेदीवर एकत्र आलीं. आणि देवाची लीला पाहा! फिलिप ह्यांस जें हिंदुस्थान नाकारलें गेलें, तेथें त्यांच्या मृत्यूनंतर नव्वद वर्षांनीं त्यांचें कार्य येऊन पोहोंचलें. जुन्या गोव्यांत एतद्देशीय धर्मगुरूंची एक मंडळी एकत्र राहूं लागली होती. १६८५ सालीं फादर जोसेफ वाझ तींत शिरले, तिचे प्रमुख झाले, आणि संत फिलिप ह्यांच्या ओरातोरियोच्या धर्तीवर त्यांनीं तिला वळण लाविलें. हे फादर वाझ १६८७ सालीं मजुराच्या वेषांत सिलोनांत उतरले. तेथें डच सत्तेनें कॅथलिक धर्मावर बंदी घातली होती, आणि धर्मगुरु उरला नव्हता. चोवीस वर्षें तेथील श्रद्धावंतांची सेवा करून १७११ सालीं कँडी येथें त्यांनीं देह ठेविला. २०१५ सालीं फ्रान्सिस पोप ह्यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें. रोमच्या एका खोलींत पेटलेला दिवा गोव्यास आला, व गोव्याहून सिलोनांत गेला.

प्रिय धर्मग्रामस्थहो, ह्या चरित्रांतून आम्हीं स्वतःसाठीं घेतलेला बोध तुम्हांसहि सांगतों. आनंद ही आपल्या मर्जीवर सोडलेली वस्तु नव्हे. ती शेजाऱ्यास देणें असलेली वस्तु आहे. ज्या आईनें चार माणसांची उस्तवार करून रात्रीं मुलांबरोबर जपमाळ म्हणतांना चेहरा प्रसन्न ठेविला, तिनें त्या घरांत एक ओरातोरियोच उघडला. ज्यानें बांधावरून तुटलेल्या भावास ह्या ज्युबिलीच्या जेवणास बोलाविलें, त्यानें सात चर्चांची यात्रा केली. ज्यास पापाचा भार असह्य झाला आहे, त्यानें तो पाठीवर घेऊन हिंडूं नये. पापनिवेदनाची जागा ताठ होऊन परतण्यासाठीं आहे, आणि तेथें बसलेला हा म्हातारा होत चाललेला धर्मगुरु आतां पूर्वींसारखें आंबट तोंड करीत नाहीं. आणि ज्यांस वाटतें कीं, दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या नोकरींत, दुसऱ्या घरांत असतों तर आपणहि देवासाठीं कांहीं केलें असतें, त्यांनीं त्या वृद्ध संन्याशाचें उत्तर आठवावें. आपलें हिंदुस्थान ह्याच वाडींत, ह्याच चुलीपाशीं आहे.

मांडव उतरेल तो उतरो. संत फिलिप ह्यांच्या मध्यस्थीनें आपल्या धर्मग्रामांतील एकहि घर आनंदाविना राहूं नये, आणि एकहि मूल चर्चच्या पायरीवरून परत फिरूं नये, अशी आमची प्रभुचरणीं प्रार्थना आहे.